जेट स्कीच्या पोटातून जाणारं पाणी

यांत्रिक होडी किनाऱ्यावर ओढून ठेवलेली असली की तिच्या मागच्या टोकाला दोन गोष्टी लगेच दिसतात: पंखा आणि सुकाणू. पंखा होडीला पुढे ढकलतो, सुकाणू तिला वळवतं. ट्रेलरवर चढवलेल्या जेट स्कीच्या बुडाशी वाकून पाहिलं तर या दोहोंपैकी काहीच सापडत नाही. बुडाला एक लांबट खिडकी असते, तिच्यावर उभे गज बसवलेले असतात, आणि अगदी मागे एक आखूड नॉझल असतं. बाकी सगळं गुळगुळीत.

पाणी या खिडकीतून आत शिरतं आणि नॉझलमधून बाहेर पडतं. मधल्या हातभर अंतरात ते यंत्राची जवळपास सगळी कामं उरकतं. तेच बोटीला ढकलतं, तेच वळवतं आणि त्यातलंच थोडं इंजिनाकडे जाऊन उष्णता वाहून नेतं. म्हणून जेट स्की जपून चालवणं आणि तिची निगा राखणं हे दोन वेगळे विषय आहेत असं मला वाटत नाही. मॅन्युअलमध्ये ते वेगळ्या प्रकरणांत टाकलेले असतात, लाल-पिवळ्या चौकटींतल्या इशाऱ्यांखाली दबलेले असतात, आणि बहुधा कोणी वाचत नाही. पाणी कुठून आलं आणि कुठे गेलं याचा माग ठेवला, तर त्या इशाऱ्यांपैकी बहुतेकांमागचं कारण आपल्याआपण कळतं. कारण कळलेला नियम सहसा विसरला जात नाही.

खिडकीच्या आत एक बोगदा मागे जातो. त्यात इंजिनाच्या दांड्यावर बसवलेला इम्पेलर असतो, साधारण १६ सेंटिमीटर व्यासाचा, वळणदार पात्यांचा. तो पाणी खेचून मागे लोटतो. फिरत्या पात्यांतून आलेलं पाणी गरगरत असतं, म्हणून त्याच्यामागे स्थिर पाती असतात. ती पाण्याची गरगर मोडून त्याला सरळ करतात. पुढे नळी निमुळती होते. बागेतल्या पाइपाचं तोंड अंगठ्याने दाबलं की धार लांब जाते, तसाच इथेही पाण्याचा वेग वाढतो. पाणी मागे फेकलं गेलं की बोट पुढे जाते. हँडल वळवलं की नॉझलचं टोक डावी-उजवीकडे फिरतं, धारेची दिशा बदलते आणि बोटीचा मागचा भाग उलट बाजूला ढकलला जातो.

ही कल्पना क्लेटन जेकबसन या अमेरिकन मोटोक्रॉस शर्यतपटूने १९६०च्या दशकात पुढे रेटली. कॅनडातल्या बॉम्बार्डिए कंपनीने १९६८मध्ये ‘सी-डू’ नावाने तिला बाजारात आणलं, पण ती चालली नाही आणि थोड्याच काळात मागे घेतली गेली. कावासाकीने १९७३मध्ये आणलेली, उभं राहून चालवायची ‘जेट स्की’ मात्र टिकली. बसून चालवायची यामाहाची ‘वेव्हरनर’ १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात आली, आणि हे वाहन कसरतपटूंच्या हातून सुट्टीवर आलेल्या कुटुंबांच्या हाती गेलं. माझ्या मते धोक्याचं खरं वळण हेच. उभ्याने चालवायच्या यंत्रावर नवशिका पहिल्या दिवशी पडत राहायचा, आणि तोल सापडेपर्यंत त्याला वेगाची चव मिळतच नसे. बसायच्या यंत्रावर ती पहिल्याच मिनिटाला मिळते. आजची सर्वांत ताकदवान मॉडेलं ३०० अश्वशक्तीच्या पुढे गेली आहेत, आणि ताशी १०० किलोमीटर हा आकडा त्यांना अवघड नाही.

वळवण्याचं काम धारेकडे आहे, याचा सरळ अर्थ असा की धार नाही तर वळण नाही. थ्रॉटलवरचं बोट सैल सोडलं की इंजिन मंदावतं, धार मरते, आणि बोट ज्या दिशेने निघाली होती त्याच दिशेने घसरत राहते. हँडल पूर्ण फिरवलं तरी फरक पडत नाही. आता माणसाच्या सवयीकडे पाहा. स्कूटरवर असो की गाडीत, समोर काही आडवं आलं की आपण पहिल्यांदा वेग कमी करतो. वर्षानुवर्षं हात-पाय हेच शिकलेले असतात. जेट स्कीवर घाबरलेला माणूस तेच करतो, थ्रॉटल सोडतो, आणि त्याच क्षणी वळण्याची ताकद गमावून बसतो. मग हँडल जिवाच्या आकांताने वळवत तो सरळ समोरच्या बोटीवर, जेटीवर किंवा पोहणाऱ्यावर जाऊन आदळतो. प्रत्यक्षदर्शी सांगतात, ‘त्याने वळवायचा प्रयत्नच केला नाही.’ त्याने केलेला असतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९९८मध्ये या वाहनांच्या अपघातांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. करमणुकीच्या सगळ्या बोटींमध्ये हाच एक प्रकार असा निघाला की ज्यात बुडून मरणाऱ्यांपेक्षा आदळून मरणारे जास्त. लाइफ जॅकेट घातलेला माणूस तरंगत असतो, पण त्याआधीच त्याची छाती किंवा डोकं कशावर तरी आपटलेलं असतं. पोहता येतं का, हा प्रश्न आपल्याकडे जेट स्कीवर बसताना हमखास विचारला जातो. विचारावा, पण या वाहनाच्या बाबतीत तो दुसऱ्या क्रमांकाचा प्रश्न आहे.

कंपन्यांनी यावर उपाय काढले. काही मॉडेलांत थ्रॉटल सोडून हँडल वळवलं की संगणक इंजिन थोडं चढवतो, म्हणजे वळण्यापुरती धार मिळते. सी-डूने २००९पासून नॉझलवर खाली येणारी एक बादलीसारखी झडप दिली. ती मागे जाणारी धार पुढच्या बाजूला फिरवते, त्यामुळे बोट लवकर थांबते. यामाहाने नंतर तशीच सोय आणली. हे सगळं उपयोगी आहे, पण किनाऱ्यावर भाड्याने फिरणारं यंत्र कोणत्या पिढीचं आहे हे बसणाऱ्याला सहसा माहीत नसतं. ब्रेक आहे असं धरून चालू नये. ताशी ६० किलोमीटर वेगात बोट सेकंदाला साडेसोळा मीटर कापते. घाबरून निर्णय घेण्यात दोन सेकंद गेले तर तेहेतीस मीटर नुसत्या विचारात गेले. घसरणं त्यापुढे सुरू होतं. म्हणून शिकवताना पहिला धडा वेगाचा असू नये. मोकळ्या पाण्यात, एखादा तरंगता डबा समोर ठेवून, थ्रॉटल थोडं दाबून ठेवत त्याच्या बाजूने वळून जाणं शंभरदा गिरवावं. हाताला नवी सवय लागायला तेवढं लागतंच.

आता खिडकीकडे वळू. इम्पेलर पाणी ओढतो तेव्हा पाण्यासोबत जे असेल तेही ओढतो. गजांमधून वाळू, शिंपल्यांचे तुकडे, बारीक खडे सहज आत जातात आणि पात्यांच्या कडा झिजवतात. कापड, दोर, प्लास्टिकची पिशवी गेली तर दांड्याभोवती गुंडाळली जाते. उथळ पाण्यात थ्रॉटल देऊ नये, बोटीखाली किमान दोन ते तीन फूट पाणी असावं, हा नियम त्यासाठी आहे. कोकणात तो पाळणं वाटतं तितकं सोपं नाही. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथला वाळूचा पट्टा, ज्याला पर्यटक सुनामी आयलंड म्हणतात, तो भरतीत पाण्याखाली असतो आणि ओहोटीत उघडा पडतो. नदीच्या मुखावरची वाळू पावसाळ्यागणिक सरकते. गेल्या मोसमातली खोल वाट या मोसमात खोल असेलच असं नाही. तिथला माणूस पाण्याच्या रंगावरून ओळखतो, बाहेरून आलेल्याने विचारावं.

भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब कोकणात अजून अनेकांना तोंडपाठ आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या सुमारास, आणि त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. मिनिटांचा हिशेब हवा असेल तर भरती-ओहोटीचं छापील कोष्टक पाहावं, पण खडकाळ किनाऱ्यावर जेट स्की उतरवायची की नाही हे ठरवायला पाऊणपट पुरेशी आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबईत पाण्याच्या पातळीत चार-साडेचार मीटरचा फरक पडतो. मालवण-गोव्याकडे तो त्याच्या साधारण निम्माच. सकाळी ज्या खडपावरून बिनधास्त गेलात ते दुपारी बुडाला लागू शकतं.

दुसरा धोका जाळ्यांचा. रायगड-ठाण्याकडे खाड्यांच्या तोंडाशी डोल लावलेल्या असतात, सिंधुदुर्गात आणि गोव्यात रापण लागते. रापणीचा दोर किनाऱ्यापासून समुद्रात अर्धवर्तुळात गेलेला असतो आणि तो पाण्याच्या पातळीवरून सहज दिसत नाही. किनाऱ्यावर रांगेत उभं राहून माणसं दोर ओढत असली, तर समोरच्या पाण्यात जाळं आहे हे गृहीत धरावं आणि लांबून वळसा घालावा. हा शिष्टाचाराचाही भाग आहे, कारण त्या जाळ्यावर अनेक घरांचा त्या दिवसाचा हिशेब असतो.

खिडकीत काही अडकलं की बोट सुस्त होते, इंजिन मात्र चढ्या आवाजात नुसतंच ओरडतं. अशा वेळी पहिलं काम इंजिन बंद करून चालकाच्या मनगटाला बांधलेली, सुटली की इंजिन बंद पाडणारी दोरी खटक्यातून काढणं. इंजिन चालू असताना बुडाखाली हात घालणाऱ्याची बोटं जातात. सैल केस, ओढणी, पदर, जॅकेटचे लोंबणारे पट्टे यांनाही हेच लागू. कडक उन्हात समुद्रावर आलेल्या बाईला ओढणी काढून ठेवा म्हणणं आपल्या बोटवाल्यांना अवघड जातं, असं दिसतं. पण ते सांगितलंच पाहिजे. संकोचून चालणार नाही.

धारेचं दुसरं टोक, म्हणजे नॉझल, याबद्दल तर आपल्याकडे जवळपास कोणी बोलतच नाही. मागे बसलेला माणूस झटक्यात वेग घेताना पाठीमागे पडला, तर तो थेट धारेच्या मागे पाण्यात बसतो. ती धार किंवा वेगात पडल्याचा दाब शरीराच्या खालच्या छिद्रांतून पाणी आत घुसवू शकतो, आणि आतड्यांना, स्त्रियांच्या बाबतीत जननेंद्रियांना, गंभीर इजा होऊ शकते. पोहण्याचे पातळ कपडे याला अडवत नाहीत. म्हणून जगभरच्या सगळ्या कंपन्या यंत्रावरच्याच स्टिकरवर वेटसूटची जाड चड्डी घालायला सांगतात. आपल्याकडे पाच मिनिटांच्या फेरीसाठी कोणी ती देत नाही. निदान दोन गोष्टी होऊ शकतात: मागच्याने पुढच्याला घट्ट धरल्याशिवाय बोट हलवू नये, आणि पाण्यातून परत चढायचं असेल तेव्हा मागून, इंजिन पूर्ण बंद असतानाच चढावं. लहान मुलाला चालकाच्या पुढे बसवण्याची हौसही सोडावी. बोट अचानक थांबली की त्याचं तोंड हँडलवर आणि पाठीवर मोठ्या माणसाचं वजन, अशी स्थिती होते.

मनगटाला किंवा जॅकेटला बांधायच्या त्या दोरीबद्दल आणखी थोडं. चालक पडला की दोरी खटक्यातून सुटते आणि इंजिन बंद पडतं. त्याच्याविना बोट पुढे निघून जात नाही आणि कोणाच्या अंगावरही जात नाही. अमेरिकेत १ एप्रिल २०२१पासून २६ फुटांपेक्षा लहान बहुतेक मोटरबोटींवर अशी सोय वापरणं कायद्याने बंधनकारक आहे. आपल्या किनाऱ्यांवर बरेचदा पर्यटकाला पुढे बसवून हँडल त्याच्या हातात देतात आणि मागे बसलेला मुलगा त्याच्या हातांवरून थ्रॉटल सांभाळतो. फोटो छान येतो. मग दोरी कोणाच्या हाताला? संकटाच्या क्षणी दोघांपैकी कोणाचं बोट थ्रॉटलवर? पैसे देण्याआधी हे विचारायला हरकत नाही. उत्तर देताना समोरचा घुटमळला तर दुसऱ्याकडे जावं.

लाइफ जॅकेट पाण्यावर आपटण्याचा मार सोसणारं, अंगाला घट्ट बसणारं, सर्व बकलं लावलेलं असावं. हवा भरून फुगणारी जॅकेटं होडीत ठीक, या वाहनावर ती चालत नाहीत. पाण्यातली वाहतूक मात्र फार गुंतागुंतीची नाही: समोरासमोर आलात तर दोघांनी उजवीकडे वळायचं, आडवं येणारं वाहन आपल्या उजव्या बाजूला असेल तर आपण थांबायचं, ओलांडून जाणाऱ्याने अंतर राखायचं, आणि शिडाच्या किंवा मासेमारीत गुंतलेल्या होडीला नेहमीच वाट द्यायची. सूर्यास्तानंतर उतरू नये, या वाहनांवर रात्रीचे दिवे नसतात. पावसाळ्यात महाराष्ट्र-गोव्यात हे खेळ बंदच असतात.

पंखा नसणं ही या यंत्राची अडचण जितकी, तितकाच त्याचा मोठा गुणही आहे. पाण्यात गटांगळ्या खाणाऱ्या माणसाजवळ पंख्याची बोट नेणं धोक्याचं असतं. जेट स्कीच्या बुडाखाली उघडं पातं नाही आणि तिला उथळ, फेसाळ पाण्यात शिरता येतं. हवाईमध्ये ब्रायन केआउलाना आणि त्याच्या सहकारी जीवरक्षकांनी १९९०च्या सुमारास जेट स्कीच्या मागे तरंगती फळी जोडून लाटांतून माणसं काढण्याची पद्धत बसवली, आणि ती जगभर पसरली. पोर्तुगालच्या नाझारे इथल्या राक्षसी लाटांवर आज स्वार होणाऱ्या प्रत्येकामागे अशी जेट स्की घिरट्या घालत असते. ऑक्टोबर २०१३मध्ये ब्राझीलची माया गाबेरा तिथे बुडता बुडता वाचली, ती जेट स्कीवरून तिच्यापर्यंत पोहोचलेल्या कार्लोस बर्ली या सहकाऱ्यामुळे. गोव्यातले ‘दृष्टी’ या कंपनीचे जीवरक्षकही जेट स्की वापरतात. बचाव शिकलेला चालक बुडणाऱ्याजवळ पोहोचताना धार मारून टाकतो आणि उरलेल्या घसरणीवर जवळ जातो. जी घसरण नवशिक्याला आदळवते, तिचा त्याने असा उपयोग करून घेतलेला असतो.

किनाऱ्यावर परत आल्यावरही पाणी यंत्रात असतं. यामाहा आणि कावासाकीच्या यंत्रांत पंपातलंच पाणी इंजिनाभोवती फिरतं. सी-डूच्या चार-स्ट्रोक इंजिनांत गाडीसारखं बंद कूलंट असतं आणि ते बुडाच्या पट्टीतून समुद्राला उष्णता देतं, पण धुराडं तिथेही खाऱ्या पाण्यानेच गार होतं. हे पाणी सुकलं की मीठ मागे राहतं, अरुंद वाटा बुजतात आणि ॲल्युमिनियम कुरतडलं जातं. म्हणून प्रत्येक फेरीच्या दिवशी गोड्या पाण्याने फ्लश करणं अटळ. क्रम मात्र चुकवायचा नाही: आधी इंजिन सुरू, मग नळ, संपवताना आधी नळ बंद, मग इंजिन.

हा क्रम का? नळीतून आलेलं पाणी धुराड्यात जातं आणि धुराच्या जोराने बाहेर फेकलं जातं. इंजिन बंद असेल तर फेकणारं कोणी नाही. पाणी धुराड्यात साचत चढत जातं आणि शेवटी सिलिंडरमध्ये उतरतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पुढच्या स्टार्टला कनेक्टिंग रॉड वाकतो. बोट उलटली तर मागच्या स्टिकरवरच्या बाणाच्या दिशेनेच ती सुलटी करायची, कारण उलट दिशेने फिरवली तर धुराड्यातलं पाणी इंजिनाकडे वाहतं. बंद पडलेली जेट स्की ओढून नेताना हळू न्यायची आणि मॅन्युअलमध्ये दाखवलेली थंडाव्याची नळी चिमटून ठेवायची, कारण वेगात ओढली तर पंपात दाबलं गेलेलं पाणी त्याच वाटेने आत जातं. तीन प्रसंग, रोग एकच. ट्रेलरवर इंजिन चालवण्याची मर्यादाही दोन-तीन मिनिटांचीच, कारण दांड्याभोवतीचं सील बाहेरच्या पाण्याने गार राहतं, हवेत ते जळतं.

बाकी देखभाल थोडक्यात. तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलं आहे, इंजिन सुरू करू नये. खालचे जस्ताचे तुकडे आपण होऊन झिजावेत आणि बाकी धातू वाचावा म्हणून बसवलेले असतात, ते अर्धे झाले की बदलावेत. पेट्रोल भरल्यावर सीट उघडून वारा जाऊ द्यावा, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बुडाशी साचते. पेट्रोलचा आणखी एक प्रश्न अलीकडचा आहे. बहुतेक कंपन्यांची मॅन्युअलं १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालेल असं सांगतात, आणि आपल्या पंपांवर आता सर्रास २० टक्क्यांचं मिळतं. इथेनॉल ओलावा ओढतं. इथेनॉलविरहित पेट्रोल मिळालं तर तेच घ्यावं, आणि टाकीत महिनोन्‌महिने इंधन साठवू नये.

परदेशी मॅन्युअलमध्ये ‘हिवाळी साठवण’ असं प्रकरण असतं आणि त्याचा भर पाणी गोठू न देण्यावर असतो. आपला बंद काळ जून ते सप्टेंबर, आणि शत्रू दमट हवा, गंज आणि वायरी कुरतडणारे उंदीर. इंजिनात गंजरोधक फवारा मारावा, बॅटरी काढून घरात चार्ज ठेवावी, सीट किंचित उघडी ठेवून वारा खेळता ठेवावा, धुराड्याची आणि हवेची तोंडं बारीक जाळीने झाकावीत आणि ती झाकली आहेत हे हँडलवर चिठ्ठी लावून लिहावं.

पावसाळ्यानंतर पहिल्यांदा उतरवताना आधी ती जाळी काढावी, मग मागच्या टोकाचे पाणी सोडायचे बूच घट्ट आहेत का पाहावं. उघड्या बुचामुळे बुडालेल्या जेट स्की कमी नाहीत. बॅटरी लावण्याआधी खिडकीत टॉर्च मारून इम्पेलर आणि त्याच्या भोवतीच्या कड्यातली फट पाहावी. नव्या यंत्रात ती मिलिमीटरपेक्षा कमी असते. ती वाढली असेल, पात्यांच्या कडा खरखरीत झाल्या असतील, तर वेग घेताना पाणी पात्यांवरून निसटतं आणि इंजिन उगाच चढतं. तेव्हा कडं बदलावं. मग पहिला अर्धा तास किनाऱ्याच्या हाकेच्या अंतरात, कमी वेगात फिरून परत यावं आणि सीट उघडून बुडाशी पाणी साचलं आहे का ते पाहावं.